घरचे लेथ आणि त्याची निगा



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता, संतवाङ्मय ऐकता. आज आपल्याला तेल, बुरा आणि गंज यांच्याविषयी ऐकून घ्यावयाचे आहे. विषय काळ्या हातांचा आहे. तो चालकांनी या मालेत घेतला याचा आम्हांला आनंद वाटतो, कारण लोखंडाला हात लावण्याची हौस आता कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली आहे. नोकरीतून मोकळे झालेले गृहस्थ, इंजिनियरिंग शिकणारी मुले, लहानसा धंदा उभारू पाहणारे तरुण, असे अनेक जण घराच्या पडवीत किंवा गाडीच्या खोलीत एखादे लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर मांडून बसलेले दिसतात. यंत्र येते तेव्हा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. वर्षभराने जावे तो त्याच यंत्रावर रद्दीचे गठ्ठे रचलेले! विचारले तर उत्तर ठरलेले: “यंत्रच बरोबर नाही हो, माप धरत नाही.”

आमचे म्हणणे असे की, यंत्र बहुधा बरोबर असते. त्याला उभे केलेले बरोबर नसते, आणि उभे केल्यावर त्याला ठेवलेले बरोबर नसते. सगळ्या यंत्रांचा परामर्श एका संध्याकाळी घेणे शक्य नाही, तेव्हा लेथच घेऊ. त्याची निगा ज्याला कळली त्याला इतर यंत्रांची सांगावी लागत नाही.

लेथमध्ये काम फिरते आणि हत्यार सरकते. फिरणारा भाग खरा फिरला आणि सरकणारा भाग सरळ सरकला, तर दांडा गोल आणि सरळ निघणारच. त्यात जादू नाही. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने इ. स. १८०० च्या सुमारास स्क्रू कातण्याचे जे लेथ बांधले, त्यातली खुबी हीच होती. हत्यार कारागिराच्या मुठीत न ठेवता सरकत्या भागात घट्ट पकडावयाचे आणि त्या भागाला सरळ वाट द्यावयाची. ती वाट म्हणजे लेथचा बेड. बेड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, आणि लोखंडाची ती जाड तुळई पाहून लोकांची समजूत होते की हे काही वाकणारे नव्हे. येथेच पहिली चूक होते. बीड वाकते. लेथचे चार पाय एका पातळीत नसले आणि आपण बोल्ट आवळले, की बेडला पीळ बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दांड्यावर उमटतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लेथच्या बाबतीत मात्र अंगण खरोखरीच वाकडे असते!

यासाठी गवंड्याची पाणसळ चालत नाही, ती फार ढोबळ. यंत्र बसवणाऱ्यांची लेव्हल मीटरमागे ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखवते. ती विकत घेणे घरच्या माणसाला परवडत नाही आणि जरूरही नाही. दोन दिवसांकरता कोणाकडून मागून आणावी. ती न मिळाली तरी लेथच आपल्याला आपली प्रकृती सांगते. २५ किंवा ३० मिलिमीटर जाडीचा एक दांडा चकमध्ये घट्ट पकडा, आणि तो चकच्या बाहेर सुमारे १२५ मिलिमीटर राहू द्या. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. दांड्याचा मधला भाग थोडा उतरवून चकजवळ एक आणि मोकळ्या टोकाशी एक, असे दोन पट्टे उंच ठेवा. मग धारदार हत्याराने, त्याची जागा मुळीच न बदलता, दोन्ही पट्ट्यांवरून एक अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने दोन्ही मापा. माप सारखे आले तर यंत्र सुखरूप उभे आहे. टोकाकडचा पट्टा जाड आला, तर टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा, म्हणजे आपल्याकडचा पाय किंचित उचलावयाचा. बारीक आला तर तोच पाय उतरवावयाचा. पाय उचलला की बेड मागे कलतो आणि हत्यार कामाच्या जवळ जाते, एवढेच त्यातले गणित. पायाखाली पत्र्याची पातळ चकती सारून पुन्हा कट घ्या, पुन्हा मापा. या खटाटोपाला एक रविवार लागतो. पुढे वर्षानुवर्षे जी चिडचिड वाचते तिचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि हो, नव्या काँक्रीटवर यंत्र बसवले असेल, तर काही महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. जमीनही बसत असते.

पुष्कळांचा प्रश्न असतो की नवे घ्यावे की जुने. आपल्याकडे राजकोटचे, बटाल्याचे साडेचार फुटी, सहा फुटी लेथ सर्वत्र दिसते. हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या मैसूर किर्लोस्करचा कारखाना आता राहिला नाही, पण त्याची यंत्रे अजून हातोहात फिरतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीला चौकशी केली तर जुन्याचा पत्ता लागतो. जुने घेताना रंगाकडे पाहू नये. रंग एका दुपारचे काम आहे. बेडचा चकजवळचा भाग पाहावा. सगळ्यात अधिक काम तेथेच होते, म्हणून झीजही तेथेच. तेथे नखाला पायरी लागली तर भाव पाडावा, किंवा नमस्कार करून घरी यावे. या झिजेतून एक फसवणूकही होते. चकजवळ कॅरेज ढिले लागते म्हणून माणूस बाजूची गिबपट्टी आवळतो. तेथे चाल गोड होते, पण कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे तो गच्च अडकते, कारण तिकडे झीजच नाही. पट्टी नेहमी न झिजलेल्या टोकाशी नीट बसवावी आणि चकजवळचा थोडा ढिलेपणा सोसावा. क्रॉस स्लाइडच्या पट्टीलाही हाच नियम लागू. स्क्रूमधला मोकळेपणा तर नव्या यंत्रातही असतो. म्हणून माप पुढे निघून गेले, तर हँडल एक वेढा मागे घेऊन पुन्हा पुढे येत माप गाठावे. नुसते मागे फिरवून आकड्यावर थांबलेले हँडल खोटे बोलते.

आता घाणीविषयी. बिडाचा बुरा पिठासारखा बारीक असतो, आणि त्यात ग्राइंडरच्या दगडाची भुकटी मिसळली की ते बेड घासण्याचे औषधच तयार होते. पुष्कळ घरांत जागा वाचवण्याकरता ग्राइंडर लेथच्या शेजारीच बसवलेले आम्ही पाहतो. दुसऱ्या भिंतीला बसवा, अंगणात बसवा, पण शेजारी नको. बीड कातताना किंवा एमरी कागद लावताना बेडवर वर्तमानपत्र अंथरावे. रद्दीचा हा उपयोग योग्य. काम झाल्यावर बुरा ब्रशने झाडावा. हवेच्या नळीचा फवारा मारणे हे दिसायला चटपटीत, पण त्या हवेने कण कॅरेजखाली आणि बेअरिंगांत नेऊन कोंबले जातात. झाडून, पुसून, मग बेडवर तेलाचा पातळ हात.

तेल कोणते, हा तर घरोघरीचा वाद आहे. स्वयंपाकघरातले कोणतेही नको. खोबरेल थंडीत थिजते, आणि गोडे तेल काही महिन्यांत चिकट होऊन त्याची राळ बनते. सरकत्या वाटांना त्यासाठीच मिळणारे ६८ क्रमांकाचे तेल आणि वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगांना पातळ, बहुधा ३२ क्रमांकाचे, असा साधारण रिवाज आहे. यंत्राबरोबर पुस्तिका आली असेल तर तिचे ऐकावे. फवाऱ्याच्या डब्यातून येणारे पातळ द्रव पाणी हटवण्यास चांगले, पण ते वंगण नव्हे. आणि तेल कामानंतर नव्हे, कामापूर्वी घालावे. सकाळी पहिल्या पाच मिनिटांत ज्याची तेलदाणी फिरते, त्याचे लेथ आम्ही न पाहताच चांगले म्हणू.

येथे एक नाजूक गोष्ट बोलतो. कोणी राग मानू नये. खंडेनवमीला आपण यंत्राची पूजा करतो, आणि ती करावीच. पण हळद-कुंकू बेडच्या तासलेल्या पृष्ठभागावर, अक्षता गिअरांच्या दातांत आणि झेंडूची ओली माळ चकच्या गळ्यात, अशी पूजा झाली आणि यंत्र दसऱ्याच्या सुट्टीत तसेच राहिले, तर फुलांखाली तांबूस डाग पडलेले दिसतात. कुंकू हेडस्टॉकच्या रंगवलेल्या कपाळाला लावावे, हार वरच्या खिळ्याला अडकवावा. देवीला तेवढे चालते.

आता प्रत्यक्ष कातण्याकडे. नवशिक्याचा वेग बहुधा जास्त असतो आणि हत्याराची उंची चुकलेली असते. वेगाचा हिशेब सोपा आहे. मऊ पोलाद, ज्याला कारखान्यात एम. एस. म्हणतात, ते हायस्पीडच्या हत्याराने मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कापावे. २५ मिलिमीटर जाडीच्या दांड्याला त्याचे सुमारे ३२० फेरे होतात आणि ५० मिलिमीटरला १६०. जाडी दुप्पट तर फेरे निम्मे. बिडाला याहून कमी, पितळेला पुष्कळ अधिक. उंचीकरता एक जुनी युक्ती आहे. यंत्र बंद ठेवून गोल दांडा आणि हत्याराचे टोक यांमध्ये पातळ पोलादी पट्टी हलकेच दाबा. पट्टी ताठ उभी राहिली तर हत्यार मध्यावर आहे. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. एवढे पाहिले आणि हत्यार टूलपोस्टच्या बाहेर कमीत कमी ठेवले, की कामावर उठणाऱ्या लाटा आणि तो कर्कश आवाज पुष्कळसा थांबतो.

विजेविषयी थोडक्यात. जुन्या यंत्रांची मोटर तीन फेजची असते आणि घरात येते एक फेज. आता व्हीएफडी नावाची पेटी मिळते, ती हे अंतर भरून काढते आणि वेगही कमीजास्त करते. मात्र तिने मोटर फार हळू चालवली तर मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. म्हणून वेग आधी पट्ट्याच्या पुलीवर बदलावा, पेटीचा आधार वरकड. आट्यांवर बसणारा चक असेल तर उलटे फिरवून कातू नये, तो सुटून येतो. आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

आता जे सांगावयाचे आहे ते यंत्राच्या निगेचे नव्हे, माणसाच्या निगेचे. घरचे लेथ लहान असते, म्हणून त्याची भीती वाटत नाही. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर माणसाच्या हाताहून बलवान असते. २०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत रात्री काम करीत असलेल्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये गुंतले आणि त्यात तिचा अंत झाला. ती शिकलेली, हुशार मुलगी होती. अपघात अडाण्यालाच होतो, या समजुतीला तेथे उत्तर मिळाले. म्हणून केस घट्ट बांधून टोपीत. ओढणी, पदर, लांब बाह्या, बांगड्या, अंगठी, गळ्यातला दोरा, काहीही लोंबते नको. हातमोजे तर मुळीच नकोत. मोजा हात वाचवतो असे वाटते. फिरत्या चकपुढे तो हात आत ओढून नेतो. एमरी कागद बोटाभोवती गुंडाळून लावू नये, त्याची दोन्ही टोके हातात मोकळी धरावीत. लांब बुरा बोटांनी ओढू नये, आकडा वापरावा. चकची चावी चकमध्ये एक क्षणही सोडू नये. हात चावीवरून निघायचा तो चावी घेऊनच. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो वाचावयाचा नव्हे. रात्री उशिरा, घरातले सगळे झोपल्यावर एकट्याने लेथ चालू करणाऱ्या हौशी मंडळींनी ते काम सकाळवर टाकावे. थांबवण्याचे बटण दाबायला दुसरा हात जवळ असावा लागतो. घरात लहान मुले असतील तर मेन स्विचला कुलूप घालावे.

आता वैशाख चालू आहे. मृग लागायला फार दिवस नाहीत, आणि घरच्या लेथचा खरा वैरी तेव्हा येतो. पावसाळ्यात रात्री बिडाचा हा मोठा गोळा थंड होतो, आणि सकाळची दमट हवा त्यावर लागून तो घामेजतो. न वापरलेले यंत्र चार दिवसांत तांबूस होते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने त्याहून लवकर. बोटांच्या घामातही मीठ असते, म्हणून बेडला हात लावला तर तेथे तेलाचे फडके फिरवावे. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, त्यात ओल कोंडते. जाड कापडाची सैल खोळ बरी. जुने कारागीर खोळीच्या आत साठ वॉटचा दिवा लावून ठेवत, म्हणजे बीड हवेपेक्षा किंचित गरम राहून घाम येत नसे. एलईडी दिव्यात तेवढी ऊब नाही. तेव्हा तारेचा जुना दिवा कोठे मिळाला तर घ्यावा आणि तो कापडाला टेकणार नाही अशा जाळीत बसवावा. या पंधरवड्यात यंत्र रॉकेलने किंवा तशाच द्रवाने धुऊन पुसावे, उघड्या भागांवर गंज न चढू देणाऱ्या तेलाचा जाड हात द्यावा, चक काढून त्याच्या आतला बुरा झाडावा आणि पट्टा ढिला करून ठेवावा. मग पावसाळाभर आठवड्यातून एकदा खोळ काढून यंत्र दहा मिनिटे रिकामे फिरवावे. फिरवण्यापूर्वी पट्टा ताणून घ्यावयाचा, आणि चकमध्ये चावी नाही ना, हे पाहावयाचे.