इंग्रजी, मोबाइल आणि मालवण
१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता मालवण-तारकर्लीत पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायची वेळ रोजच येते. इथल्या कॉलेजातल्या मुलामुलींनो, सरावाला खिशातला मोबाइल पुरेसा आहे. यूट्यूबवर बीबीसी लर्निंग इंग्लिशचा व्हिडिओ लावा, वेग ०.७५ करा, खाली इंग्रजी सबटायटल्स ठेवा. एक वाक्य झालं की थांबा, मोठ्यानं म्हणा, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून स्वतःलाच पाठवा आणि ऐका. उच्चार कुठे अडखळतो ते लगेच कळतं. नुसती रील्स बघून मात्र जीभ वळत नाही. त्यापेक्षा सिंधुदुर्ग किल्ल्यावर मिनिटभराचं रील इंग्रजीत स्वतः बोलून करा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तिथूनच सुरुवात करा.