स्नेहसंबंधांचे भांडवल



भांडवलाचा विचार करताना माणसांची जोडणीही हिशेबात धरावी लागते. नगर जिल्ह्यातील लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये सहकारी पतपेढी स्थापन केली. शेतकऱ्यांचा विश्वास त्यांच्यापाशी होता. अर्थशास्त्राचे ज्ञान धनंजयराव गाडगीळांपाशी, तर सहकारी पतव्यवस्थेचा अनुभव वैकुंठभाई मेहतांपाशी. ही माणसे एकत्र आली आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मधली २७ वर्षे विश्वास रुजण्यात गेली, हे विसरता कामा नये.

म्हणून ‘कोण उपयोगी पडेल?’ याआधी ‘आपण कोणाच्या उपयोगी पडू?’ असे प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःस विचारावे. अडचणीत शोधलेली ओळख क्वचितच तारते. आधी जपलेला स्नेह मात्र पाठीशी उभा राहतो.