देवळातली तालीम



देऊळ आणि तालीम यांचा शेजार आपल्याला नवा नाही. जपानातल्या ज्युदोची पहिली तालीमही देवळातच सुरू झाली. तिच्या वस्तादांची ही हकिगत.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली, कोबेजवळच्या मिकागे गावी झाला. घरचे खाऊनपिऊन सुखी, पण मुलगा अंगाने किरकोळ. टोकियोला शिकायला गेल्यावर शाळेतली दांडगी पोरे त्याला बडवीत. जुजुत्सूच्या जोरावर लहान माणूसही मोठ्याला लोळवतो, हे त्याने ऐकलेले. पण शिकवणार कोण? १८६८ मध्ये सामुराईंची राजवट गेली आणि त्यांच्या विद्येला कोणी विचारीना. पुष्कळ वस्ताद हाडे बसवून पोट भरीत. म्हणून कानोंनी हाडवैद्यांच्याच पाट्या शोधत शहर पालथे घातले आणि १८७७ साली फुकुदा हाचिनोसुके यांचे पाय धरले.

फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा आपल्या जुन्या वस्तादांसारखीच. डाव कसा लागला असे कानोंनी विचारले, की उत्तर म्हणून त्यांना पुन्हा आपटायचे! अंगाला सदा मलम फासलेले, त्यावरून सोबती चेष्टा करीत. फुकुशिमा नावाच्या एका धिप्पाड गड्यापुढे तर काही चालेना. तेव्हा कानोंनी ग्रंथालयात जाऊन परदेशी कुस्तीची पुस्तके चाळली आणि त्याला खांद्यावर घेऊन फेकला. आपल्या कलाजंगाच्याच जातीचा हा डाव.

१८७९ साली फुकुदा वारले. दुसरे गुरू इसो, तेही १८८१ साली गेले. विद्या अर्धी, डोक्यावरचे छत्र दोनदा हरपलेले. शिष्याने हाय खाल्ली नाही. तिसरे गुरू इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे ते नव्याने शिकू लागले.

मे १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध देवळात कानोंनी आपली तालीम मांडली. नाव कोदोकान. जागा बारा चटयांची, म्हणजे साधारण बारा फूट बाय अठरा, शिष्य नऊ. फी नाही. खर्चासाठी वस्ताद रात्री भाषांतरे करीत. इइकुबो स्वतः आठवड्यातून दोनतीनदा तिथे येऊन शिकवीत.

पण पोरे आपटू लागली की देवळातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या हादरून पडत, जमिनीच्या फळ्या मोडत. पुजारीबुवा वैतागत, आणि ते साहजिकच होते. रात्री मेणबत्ती घेऊन कानो जमिनीखाली शिरत आणि मोडलेले वासे आपल्या हातांनी ठोकून बसवीत. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

पुढे एके दिवशी सराव करताना इइकुबोंचा एकही डाव कानोंना लागेना, उलट गुरूच पुन्हा पुन्हा पडू लागले. समोरच्याचा तोल आधी मोडायचा, डाव मग, हे मर्म शिष्याला सापडले होते. ते ऐकून इइकुबो म्हणाले, यापुढे तुला शिकवण्यासारखे माझ्यापाशी उरले नाही. आणि आपल्या घराण्याच्या विद्येचा परवाना त्यांनी कानोंच्या हाती दिला.