सुईत दोरा ओवणाऱ्या आजी



मध्यंतरी एका आजींना त्यांचा मुलगा डोळे तपासायला घेऊन आला. आजींची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. "अहो डॉक्टर, अजून सुईत दोरा ओवते मी," त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "खरं आहे. पण हल्ली चौकटीला खांदा आपटतो, वाटेतला पाट दिसत नाही." भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळही आजींनी घडाघडा वाचली. तरी मुलाचे म्हणणे बरोबर होते.

तक्त्याने समोरची नजर कळते, कडेची नाही. कडेची नजर तपासण्याच्या सर्वांत सोप्या पद्धतीला यंत्र लागत नाही. डॉक्टर रुग्णासमोर साधारण एक मीटरवर बसतात. रुग्ण डावा डोळा झाकतो, डॉक्टर आपला उजवा मिटतात. रुग्णाने डॉक्टरांच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचे. मग दोघांच्या मधोमध, चारही कोपऱ्यांत आळीपाळीने बोटे धरून डॉक्टर विचारतात, "किती?" इथे डॉक्टरांची स्वतःची नजर हीच मोजपट्टी. आजींना खालच्या बाजूची बोटे दिसेनात.

नेमके मोजमाप यंत्र करते. पांढऱ्या, अर्धगोल वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसायचे, एक डोळा झाकायचा, मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचे. आजी बाहेर आल्या त्या हिरमुसून. "निम्मे दिवे दिसलेच नाहीत, नापास झाले!" पण ही परीक्षा नव्हे. किती मंद प्रकाश दिसतो ते शोधण्यासाठी यंत्र मुद्दाम दिवा मंद करत जाते, म्हणून निरोगी माणसालाही कित्येक ठिपके दिसत नाहीत. ठिपके शोधायला नजर फिरवली, तर मात्र तपासणी वाया जाते.

आजींना काचबिंदू होता. यात डोळ्यामागच्या नसेचे तंतू हळूहळू मरतात. दुखत नाही, काळा पडदाही दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली मेंदू सांधून घेतो. मधली नजर बहुधा शेवटी जाते. म्हणून सुईत दोरा ओवता येतो आणि पाट दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी, गरज पडल्यास लेसरने किंवा शस्त्रक्रियेने डोळ्याचा दाब कमी करून उरलेली जपता येते. म्हणून थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत.

चाळिशीनंतर सर्वांनीच डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी तर टाळूच नये. आजींच्या मुलाला मी विचारले, "तुमचे डोळे कधी तपासले?" तो म्हणाला, "मला चांगलं दिसतं की!" आजी हसून म्हणाल्या, "मीही हेच म्हणत होते रे. बस त्या खुर्चीत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)