महागाईचा बडग्या

जयपूर शहरात, जुन्या तटबंदीच्या बाहेर, सिव्हिल लाइन्स नावाची वस्ती आहे. राज्यपाल व मुख्यमंत्री यांची निवासस्थाने तेथेच आहेत. रुंद रस्ते, झाडांची सावली आणि बंगल्यांभोवतीची प्रशस्त आवारे हे तिचे रूप. इंग्रजी अमदानीत देशभर अशा वस्त्या उभ्या राहिल्या, आणि गाव कोणतेही असो, त्यांचे नाव बहुधा हेच. धान्य, इंधन, घरभाडे यांच्या दरवाढीची वार्ता अशा वस्तीत येते ती मुख्यतः आकड्यांच्या वेषात.

याच शहराच्या उत्तरेस नाहरगड किल्ला आहे. २०१७ साली तेथील माधवेंद्र भवन या राजवाड्यात आधुनिक शिल्पांचे प्रदर्शन खुले झाले. ज्यांच्या कृती तेथे मांडल्या गेल्या त्यांत सुबोध गुप्ता हे एक होते. ताटे, वाट्या, डबे, बादल्या ही घरोघरची पोलादी भांडी या शिल्पकाराला मातीदगडासारखी वाटतात. २००६ साली त्यांनी अशाच भांड्यांची एक प्रचंड कवटी रचली आणि तिला ‘अतिशय भुकेला देव’ अशा अर्थाचे नाव दिले. लखलखणाऱ्या भांड्यांची ती गंमत पाहून माणूस प्रथम हसतो. भांडी रिकामी आहेत हे त्याच्या ध्यानात येते ते मागाहून.

पोटाच्या प्रश्नाला असे हसरे रूप देण्याची कला मराठी मुलखाला मात्र नवी नाही. ती राजवाड्यात मांडली जात नाही आणि तिला कोणी शिल्पही म्हणत नाही, एवढेच. तिचे ठिकाण नागपूर, आणि तिचा दिवस तान्हा पोळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातील मुले लाकडी नंदी सजवून घरोघर हिंडतात. त्याच दिवशी नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांतून मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाज घडवितो. काळीचा संबंध लोकसमजूत इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या बाकाबाई भोसले यांच्याशी जोडते. गावावरची रोगराई आणि इडापिडा या बाईने आपल्याबरोबर न्यावी, अशी आरोळी देत लोक तिला मिरवितात आणि शेवटी तिचे दहन करतात.

या मारबतींच्या मागेपुढे जे पुतळे चालतात, ते बडगे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि चिंध्या, वर रंगांचे हात! वस्तीतील तरुण मंडळी तो आपसांत मिळून उभा करतात. कोणाचे कसब, कोणाची वर्गणी, कोणाचे अंगण. कर्त्याचे नाव कोठेच लिहिलेले नसते. विषय मात्र दरसाल ताजा असतो. लाचलुचपत असेल, रोगाची साथ असेल. आणि महागाई तर पुन्हा पुन्हा असतेच. कधी कांद्यावर, कधी स्वयंपाकाच्या गॅसवर, कधी पेट्रोलवर बडग्या निघतो. ज्या इतवारीत वर्षभर भाव ठरतात, त्याच पेठेतून भावाचा हा पुतळा पोट पुढे काढून, डोळे वटारून जातो, आणि दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही त्याला हसतात.

या हसण्यामागे एक गंभीर गरज आहे. महागाईला चेहरा नसतो. वाणी म्हणतो, माल वरूनच महाग आला. घरमालक म्हणतो, कर वाढले. सरकार निर्देशांकाकडे बोट दाखविते. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत, शहरी भागापुरते बोलायचे तर, अन्न व पेये यांना शंभरांपैकी ३६.२९ आणि घरांना २१.६७ एवढा भार दिलेला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक माप पोट आणि छप्पर या दोहोंतच भरत असे. हा तराजू आवश्यक आहे. त्यावाचून महागाई भत्ताही ठरणार नाही. परंतु निर्देशांक सरासरी सांगतो, आणि सरासरी कधी उपाशी निजत नाही. उपाशी निजते ते एखादे घर. त्या घराला आपला छळ करणारा कोण हे दिसत नाही, तेव्हा बडग्या त्या अदृश्य छळणाऱ्याला हातपाय देतो, नाकडोळे देतो आणि चौकात उभा करतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुतळा जळला की राग निवतो. दुसऱ्या दिवशी डाळ त्याच भावाने घ्यावी लागते. मग ही सारी खटपट राज्यकर्त्यांच्याच सोयीची नाही काय? याचे उत्तर मुंबईच्या बायकांनी देऊन ठेवले आहे. १९७२ साली तेथे महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्या पुढे झाल्या, आणि हजारो गृहिणी हाती लाटणे घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर आल्या. लाटणे हेही एक विनोदी शस्त्रच! पण त्या लाटण्याबरोबर मागणी होती: धान्य, तेल, साखर रास्त दरात मिळाली पाहिजे. विनोदाने माणसे एकत्र येतात. त्यांना पुढे नेते ती मागणी. विनोद एकटा पडला तर तो तमाशा ठरतो, आणि नुसती मागणी कागदावर वाळून जाते.

नागपुरालाही सिव्हिल लाइन्स आहे. विधानभवन तेथे आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आहे. महाल-इतवारीपासून ही वस्ती काही फार दूर नाही. परंतु बडग्याची वाट तिकडे वळत नाही. तेव्हा थोडी वाट तिकडच्यांनीच चालावी. जयपूर असो वा नागपूर, टेबलावर निर्देशांकाचा तक्ता ठेवून बसणाऱ्याने वर्षातून एकदा चौकात उभे राहून तो पुतळा पाहावा. तो तिकीट न लावलेला, सही नसलेला, पण साऱ्या वस्तीने मिळून केलेला अर्ज आहे. संध्याकाळी तो जळून जातो, म्हणून तो निकालात निघाला असे समजू नये. पुढच्या तान्ह्या पोळ्याला तोच अर्ज नव्या कामट्यांवर पुन्हा उभा राहिलेला दिसला, तर मागच्या वर्षी तो कोणी वाचलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.