परदेशचा दाखला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या रत्नागिरीतील पुष्कळ घरांतला माणूस आखातात नाहीतर बोटीवर असतो, म्हणून चिटणीसबाईंनी आग्रह केला.

माझ्या वन्संचे यजमान कुवेतला नोकरीत असता वारले. घरी आला तो तिकडचा अरबी दाखला. बँकेतली ठेव आणि कलमांच्या बागेची वारसनोंद, दोन्ही त्यावर अडली. एका कचेरीत (नाव घेत नाही) वन्संना सांगितले, "इथल्या रजिस्टरातला दाखला आणा." मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. कुवेतला गेलेल्या माणसाची नोंद इथल्या रजिस्टरात कुठून येणार? नऊ महिने वन्संनी हेलपाटे घातले. भाचीची कॉलेजची फी तेवढे दिवस आमच्या घरून गेली.

परदेशी सही खरी की खोटी हे आपल्या तलाठ्याला कसे कळावे? म्हणून साखळी असते. कुवेतच्या दाखल्यावर तिथले परराष्ट्र खाते शिक्का मारते, आणि त्या शिक्क्याची खात्री तिथली आपली वकिलात करते. मधली कडी गाळून चालत नाही. १९६१ साली हेग येथे एक करार झाला. त्यातल्या देशाने 'अपोस्टिल' म्हणून एकच शिक्का मारला की काम भागते. आपल्याकडे तो २००५ पासून लागू आहे. ओमान २०१२ साली व सौदी अरेबिया २०२२ साली त्यात आले. कुवेत, कतार आणि दुबई-अबुधाबी त्यात नाहीत. तिथे जुनीच वाट.

शिक्का सहीची खात्री देतो, आतल्या मजकुराची नव्हे. अरबीत आपला 'प' नाही, त्याचा 'ब' होतो. यजमानांचे नाव 'प'चे, भाषांतरात उतरले 'ब'ने! माणूस गेला तो गेला, वर नावही दुसऱ्याचे. पासपोर्ट पुढे ठेवून भाषांतर पुन्हा करून घ्यावे लागले.

खरी किल्ली निराळीच निघाली. वकिलातीत मृत्यूची नोंद झालेली होती, पण तो दाखला कंपनीच्या फाइलीत पडून राहिला होता. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे वकिलातीतली अशी नोंद इथल्या नोंदीसारखीच धरतात. गावच्या एका मुलाने तो दाखला मिळवून पाठविला. कलमाची छापील प्रत घेऊन आम्ही दोघी गेलो, तेव्हा साहेबांनी स्वतः वाचून पाहिली. ठेव मिळाली. बागेची नोंद मात्र अजून व्हायची आहे.

ज्यांच्या सुना परदेशी बाळंत होणार त्यांनी हेही ऐकावे. मुलाची नोंद वकिलातीत वर्षाच्या आत करावी. ती राहिली आणि आईबाप इथे कायमचे राहावयास आले, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे करता येते.

आणि एक. दाखल्याला प्लॅस्टिक चढवू नका. नवे शिक्के मारायला जागा उरत नाही.

वन्संच्या कागदांची झेरॉक्स, त्यांच्या परवानगीने, मी जवळ ठेवली आहे. कोणास पाहावयाची असेल त्यांनी दुपारी तीननंतर घरी यावे. येताना आपला मूळ दाखला आणि पासपोर्ट आणावा, म्हणजे नावे ताडून पाहता येतील.