शर्यत थांबल्यावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त होसकोटे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगल प्रसंगी मी बैलांविषयी बोलणार, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचे नाते या भूमीशीही आहे. होसकोटे हा शहाजीराजांच्या जहागिरीतील प्रदेश. आणि आपला डौलदार खिल्लार बैल मूळचा म्हैसूरकडील हळ्ळीकार जातीतून निपजला, असे जाणकार मानतात.

बैलगाडा शर्यतींचा अलीकडचा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. भूक, भय आणि वेदना यांपासून मुक्तता हा जनावराचाही हक्क होय, असे त्या निकालाचे सूत्र होते. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला.

या साऱ्या काळात बंदी असावी की नसावी, यावर पुष्कळ बोलले गेले. दावणीला उभ्या असलेल्या बैलाचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. नांगर ट्रॅक्टरने केव्हाच हिरावून घेतला होता. त्यातच २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू झाली. बैलाला काम नाही, गिऱ्हाईक नाही. भूक मात्र रोजची.

जुन्नरकडील माझ्या आजोळी असा एक बैल होता. घाटात तो धावू लागला की सारे गाव उभे राही. बंदीनंतर दोन वर्षे मामांनी त्याला कडबा घातला. तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा दावे रिकामे होते. तो कोठे गेला, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या न विचारल्याची खंत मला आजही आहे.

परदेशांत हा प्रश्न शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांविषयी उभा राहिला. २०१८ साली मकाव येथील कुत्र्यांच्या शर्यतीचे मैदान बंद झाले, तेव्हा मागे पाचशेहून अधिक कुत्रे उरले होते. प्राणिप्रेमी संस्थांनी खटपट करून त्यांना देशोदेशी घरे मिळवून दिली. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये बंदीची घोषणा केली, तेव्हा कुत्र्यांची सोय लावण्यासाठी सुमारे २० महिन्यांची मुदत ठेवली. कुत्रा घरात मावतो. बैल मावत नाही. त्याला गोठा हवा, वैरण हवी, पाणी हवे. म्हणूनच त्याची तजवीज आधी करावयास हवी.

आता शर्यती पुन्हा सुरू आहेत, मग हा प्रश्न मिटला नाही का? मला तसे वाटत नाही. शर्यतींमुळे खिल्लार जात टिकते, हे बैलमालकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नियमांनी काठी, चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाईही केली आहे. पण शर्यतीची वर्षे थोडी आणि बैलाचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. ज्याचे पाय थकले, त्याच्यासाठी बंदी येण्याची गरज नसते. त्याची शर्यत तशीही थांबलेलीच असते.

येथे आपला संबंध येतो. आपण दूर राहिलो, तरी गावच्या यात्रेची वर्गणी चुकवीत नाही. त्या वर्गणीतून बक्षिसे लागतात. कोठे कोठे तर ट्रॅक्टर आणि मोटारीसुद्धा! माझी विनंती एवढीच, की यंदा वर्गणी पाठविताना सोबत चार ओळींचे पत्र लिहावे: यांतील काही भाग थकलेल्या बैलांच्या वैरणीसाठी राखून ठेवावा. गावात पांजरपोळ असेल तर तिला द्यावा. नसेल तर ज्या घराने म्हातारा बैल सांभाळला आहे, त्या घराला द्यावा. वर्गणी देणाऱ्याचे म्हणणे यात्रा समितीला सहसा डावलता येत नाही.

पोळ्याला आणि बेंदराला आपण बैलाची पूजा करतो; ज्यांना येथे बैल मिळत नाही, ते मातीचा आणून पुजतात. ही श्रद्धा लहान नव्हे. पण मातीच्या बैलाला वैरण लागत नाही, जिवंत बैलाला लागते, एवढे ध्यानी ठेवावे, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.